समुद्राचं तुडूम

सुकराम पाणकराने बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला तीनदा गावाबाहेर न्यायचं कबूल केलं आणि तिन्ही वेळा तलावाने खोडा घातला. निदान सुकरामचं म्हणणं तसं होतं. जमुनाबाईचं म्हणणं असं, की तलाव बिचारा मुका, त्याच्या नावावर कोणीही काहीही खपवावं.

पाणकर म्हणजे गावतलावाचं पाणी वाटणारा माणूस. दवनीवाड्याच्या बाजूच्या त्या गावात हा मान पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या एका घराकडे होता. सुकरामकडे तो बापाकडून आला आणि बापाकडे आजाकडून. कोणाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, आधी पाणी, कोणाच्या धानाला किती दिवस, तुडूम कधी उघडायचं नि कधी बंद करायचं, हे सगळं तो ठरवी. तुडूम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या बांधाच्या, पोटातलं पाणी सोडायचं दार. तलावाच्या काठाशी त्याने खाचा पाडलेला एक खुंटा रोवला होता. रोज सकाळी उठून तो आधी त्या खुंट्याला बोटं लावून पाणी मोजी, मग घरी येऊन सांगे, "अर्धं बोट उतरलं," आणि तेव्हा कुठे त्याच्या घशाखाली चहा उतरे. चहा तोवर गार पाणी झालेला असे. जमुनाबाई म्हणायची, "एक दिवस मले बी बोटं लावून पाहा जी, किती उतरली तं."

पहिल्यांदा निघाले ते राजनांदगावला, भाचीच्या लग्नाला. गोंदिया स्टेशनावर गाडी समोर उभी, आणि सुकरामने वर पाहिलं. ढग होते. "पाणी येईन, सांडवा पाहा लागन," म्हणाला आणि पिशवी उचलून परत फिरला. पाऊस काही आला नाही. दुसऱ्यांदा नागपूरला जायचं होतं, तेव्हा धान गर्भात होतं, पाणी एक दिवस तोडता येत नव्हतं. तिसऱ्यांदा तर बायकांच्या जथ्याबरोबर पुरीला, दोघांची तिकिटं काढून झालेली. आदल्या दिवशी बांधात खेकड्याचं बीळ सापडलं आणि त्यातून करंगळीएवढी धार लागली. सुकराम म्हणाला, "तू जाय नं." पण घरात एकटा माणूस ठेवला तर तो बांधावरच झोपेल आणि चार दिवस मुरमुरे खाईल, हे जमुनाबाईला ठाऊक होतं. ती राहिली. तो खेकडा तिला आजही भेटला असता तर तिने त्याचा रस्सा केला असता.

शेजारची वच्छला मात्र पुरीला गेली आणि येताना जमुनाबाईसाठी शिशीत भरून समुद्राचं पाणी घेऊन आली. मनाने चांगली, पण जिभेला हाड नाही. त्या दिवसापासून चार बायका जमल्या की वच्छला म्हणे, "आमच्या जमुनानं समुद्र पाह्यला वो, शिशीत." सगळ्या हसत. जमुनाबाईही हसे. घरी येऊन शिशी उन्हात धरून पाही. अकरा वर्षांत पाणी निम्म्यावर आलं, काचेला आतून मिठाची पांढरी कड धरली, पण तिने ती देवळीतून हलवली नाही.

अंजू ही त्यांची लेक. कुडव्याला राहते, गोंदियाच्या एका दवाखान्यात नर्स आहे, आणि आईच्या जिभेची धार आणि बापाचा हट्ट दोन्ही तिने बरोबर उचलले आहेत. पुसाच्या, म्हणजे पौषाच्या, महिन्यात ती स्कूटीवरून गावी आली आणि बापासमोर मोबाईल धरला.

"बाबा, हे पाहा. चांदीपूर. ओडिशात. इथचा समुद्र रोज आटते."

सुकरामने चष्मा चढवला. "रोज?"

"दिवसातून दोनदा. कोस-कोस, दीड-दीड कोस मागं जाते. अन् वापस येते."

"पाळ फुटली असन."

"समुद्राले कुठली पाळ, बाबा?"

"मंग सोडते कोण?"

"कोणीच नाई."

"सोडल्याबिगर पाणी जात नाई, अंजू. अन् गेलेलं पाणी कवा वापस येत नाई. मले नोको शिकवू." हे वाक्य सुकरामने गावातल्या प्रत्येक माणसाला एकदा तरी ऐकवलं होतं. त्याने मोबाईल परत दिला, बांधावर गेला आणि तासाभराने परत आला. "तेथी पाणकर कोण आहे, लिहिलं आहे का त्याच्यात?"

अंजूने आईकडे पाहून डोळा मारला. मासा गळाला लागला होता.

तरी सुकरामने अट घातलीच. धान कापून झालं होतं, तुडूम बंद होतं, पण पुसातलं तलावाचं पाणी म्हणजे उन्हाळ्याची शिदोरी, तिला सोडून फार दिवस राहता येणार नाही. "समुद्राचं पाणी पाह्यलं का वापस. एक घंटा जास्त नाई." जमुनाबाई म्हणाली, "कबूल. पाणी पाह्यलं का वापस." ही अट तिने पदराच्या गाठीला बांधून ठेवली.

तलाव सोपवला मनिरामकडे. मनिराम हा सुकरामचा चुलतभाऊ, वय वर्षं साठ, सुकरामच्या मते अजून पोरगाच. जाण्याआधी सुकरामने त्याला बांधावरून तीनदा फिरवलं. मनिराम म्हणाला, "दादा, मी बी येथीच जन्मलो गा." सुकराम म्हणाला, "म्हणूनच भेव वाटते."

हावड्याच्या गाडीने खरगपूर, तिथून दुसऱ्या गाडीने बालेश्वर. वाटेत सुकरामने मनिरामला अकरा फोन केले. जमुनाबाई खिडकीत बसून बाहेर पाहत होती आणि मधूनमधून सांगत होती, "आता तं टाटानगर आलं. येथून तलाव दिसत नाई. सोडून द्या." तिच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेली शिशी होती. त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काही लांबडं होतं. अंजूने उलगडून पाहिलं तर तलावावरच्यासारखाच खाचा पाडलेला दुसरा खुंटा.

"बाबा! हा कायले आणला?"

"तुज्या मायनं शिशी आणली, तिले कोणी इचारते का?"

सकाळी आठाच्या सुमाराला ऑटोने त्यांना सुरूच्या झाडांपाशी सोडलं. जमुनाबाईने साडी नीट केली, केस सारखे केले, देवळात शिरताना घेतात तसा पदर डोक्यावर घेतला आणि झाडांतून बाहेर आली. समोर समुद्र नव्हता.

समोर नुसती ओली रेती होती, आभाळाला टेकेपर्यंत. चिखलणी करून पाणी काढून दिलेली बांधी असते तशी, पण हिला धुरे, म्हणजे शेताचे बांध, नव्हते. मधे कुठे कुठे डबकी चमकत होती आणि लाल खेकडे पळत होते. पाण्याचा आवाजही नव्हता. अंजूने सांगितलं होतं, जमुनाबाईला ठाऊक होतं, तरी तिला रडू आलं. बेचाळीस वर्षांनी ती आली आणि तो घरी नव्हता.

"मी आली अन् हा गावाले गेला," ती म्हणाली. आवाज हसरा ठेवायचा तिने प्रयत्न केला, पण जमला नाही.

"येते नं माय," अंजू म्हणाली. "ऑटोवाला म्हणते, दहापर्यंत येईन."

सुकराम कमरेवर हात देऊन उभा होता. खरं तर जिंकल्यासारखं तोंड करायची त्याला पक्की संधी होती, पण बायकोचे डोळे पाहून त्याने ती अर्धीच वापरली. "मी म्हणलंच होतं. गेलं ते गेलं," एवढंच बोलून त्याने मनिरामला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग त्याचा चेहरा उतरला.

"उचलत नाई. कवा असं करत नाई तो. काहीतरी झालं. अंजू, दुपारची गाडी कोणती आहे पाह्य."

"बाबा, आताच तं आलो."

"समुद्र पाह्यला. झालं. चाल."

जमुनाबाई खाली रेतीवर बसली, मांडी घालून, ऐसपैस. "अट काय होती जी?"

"कोणती अट?"

"पाणी पाह्यलं का वापस. तुमच्याच तोंडची. पाणी कोठी आहे, दाखवा. मी उठतो."

सुकरामने पिशवीकडे नेलेला हात मागे घेतला. पाणकराने दिलेला शब्द आणि पाणकराने दिलेलं पाणी मागे घेता येत नाही, हेही त्याचंच वाक्य होतं. तो चिडून रेतीकडे पाहू लागला आणि तेवढ्यात त्याला ती माणसं दिसली. दूरवर चार-पाच जण वाकून काहीतरी करत होते. खांबांना जाळी बांधलेली होती आणि त्या जाळ्यांतून ते मासे काढत होते.

"आस्सं!" सुकराम म्हणाला. "मच्छीवाले!"

गावच्या तलावात असं एकदा झालं होतं. मच्छी धरायला सोपी जावी म्हणून कोणीतरी गुपचूप तुडूम उघडलं, खाली पाटात जाळं लावलं आणि सकाळी अर्धा तलाव नाल्याला लागलेला. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. सुकराम त्या वर्षी दोन महिने नीट जेवला नव्हता. आता त्याला सगळं लख्ख दिसलं. तुडूम उघडलं, पाणी गेलं, मासे जाळ्यात. त्यात काय समजायचं राहिलं? खुंटा खांद्यावर टाकून तो तरातरा रेतीत निघाला.

"अजी! समुद्राले तुडूम नसते जी!" जमुनाबाई ओरडली. तो थांबला नाही. तेव्हा तिने सामान अंजूच्या हवाली केलं, साडी वर खोचली, शिशी हातात घेतली आणि नवऱ्यामागे निघाली. परक्या मुलुखात मार खायची वेळ आली तर मध्ये पडायला कोणीतरी पाहिजे.

ती पोचली तेव्हा सुकरामचं गोंदियाच्या बाजारातलं हिंदी जोरात सुरू होतं. समोर एक म्हातारा कोळी, हातात मासोळी, तोंडात पान.

"पानी किसने छोडा?"

"क्या?"

"पानी, पानी! किसने छोडा? तुडूम किधर है तुम्हारा?"

म्हाताऱ्याने आजूबाजूच्यांकडे पाहिलं. एक जण हसला. "कोई नहीं छोडता, दादा. अपने आप जाता है, अपने आप आता है."

"हमको मत सिखाव. बयालीस बरस हो गया पानी देखते."

"हमको पैंसठ," म्हातारा शांतपणे म्हणाला. मग त्याने अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला, ओठांत काहीतरी पुटपुटला. "आज चौथ है. अभी निकला है उधर से. दस बजे इधर घुटने तक. कल थोडा देर से आएगा. परसों और देर से."

सुकरामचं लक्ष त्या अंगठ्याकडे गेलं. तो स्वतःही असाच पेरांवर तिथी मोजायचा, त्याचा बापही. पाण्याच्या कामातला माणूस दुसऱ्या तशाच माणसाला लगेच ओळखतो, मग त्याची भाषा कोणती का असेना. पण हार मानील तर तो सुकराम कसला? त्याने खुंटा तिथेच रेतीत रोवला, टाचेने ठोकला आणि म्हणाला, "ठीक है. देखेंगे."

"यहाँ मत बैठना, दादा," म्हातारा टोपली उचलत म्हणाला. "माताजी को लेकर पीछे आओ." आणि ते सगळे किनाऱ्याकडे चालू लागले.

सुकराम खुंट्यापाशी उकिडवा बसला. जमुनाबाई उभी राहिली. लाल खेकडे बिळांत शिरत होते. "येथी तं बीळंच बीळं," ती म्हणाली. "तुमची पाळ असती तं तुमी आतापर्यंत चार उपास केले असते." त्याने पुन्हा फोन काढला, पुन्हा लावला, पुन्हा खिशात ठेवला. तरी हात खिशावरून काढला नाही, आणि हे पाहून तिची चेष्टा ओठांवरच राहिली. या माणसाला खरंच भीती वाटते, हे तिला नवीन नव्हतं. ती सोबत नसताना तलावापाशी बसून तो हाच चेहरा करत असणार, हे मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मच्छीवाले गेले," ती म्हणाली. "पाण्याची वळख असणारे निघाले, अन् आपण कायले बसून राहिलो?"

"तू जाय."

"पुरीच्या वेळी बी हेच म्हणलं होतं."

त्याने खुंटा उपटला आणि दोघं किनाऱ्याच्या बाजूने बरंच चालून आले. हाक मारली तर अंजूला ऐकू जाईल इतक्या अंतरावर त्याने तो पुन्हा रोवला. "बस. याच्या मागं नाई."

पाणी आलं ते लाट बनून आलं नाही. आधी लांबवर एक पांढरी रेघ दिसली. मग रेतीतल्या पन्हाळींतून, पाटाला पाणी सोडल्यावर येतं तसं, जिभा काढत पातळ पाणी सरकत आलं. सुकराम आपसूक वाकून पाहू लागला. पाटाचं पाणी कोठे अडतं, कोठे फुटतं, हे पाहण्यात त्याचा जन्म गेला होता; इथे ते कुठेच अडत नव्हतं. खुंट्याच्या बुडाला ओल लागली. मग पहिली खाच बुडाली.

"एक बोट," तो म्हणाला.

जमुनाबाईच्या पावलांवरून पाणी गेलं. गार. तिने पाय आखडले आणि मग पसरून टाकले.

"दोन बोटं. अरे बाप्पा. चार!" त्याने वर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडून येत होतं. "अवं, कोणी सोडलं नाई. कोणीच नाई आहे तेथी. अन् वापस आलं!"

"मले नोको शिकवू," जमुनाबाई त्याच्याच सुरात म्हणाली.

तो हसला. एक-दोन दात पडलेल्या तोंडाने, खळखळून. असा तो शेवटचा कधी हसला होता, हे तिला आठवेना. पाणी घोट्यावर आलं, पोटरीवर आलं. तिने शिशीचं बूच काढायचा प्रयत्न केला. मिठाने ते घट्ट बसलं होतं. सुकरामने शिशी घेतली, दातांनी बूच ओढलं आणि तिला परत दिली. तिने वाकून अकरा वर्षांचं उरलेलं पाणी हळूच समुद्रात ओतलं.

"हे काय केलं व?"

"वच्छलाचा समुद्र. आता मले नाई लागत."

त्याने तिचा हात धरला. गावात असता तर मेला असता पण धरला नसता. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा खुंटा एकदा डुलला, रेतीतून सुटला आणि आडवा होऊन तरंगत निघाला. सुकरामचा पाय पुढे पडला. जमुनाबाईने हात घट्ट धरला, पण ओढला नाही. तो दोन पावलांवर थांबला आणि तरंगत जाणाऱ्या खुंट्याकडे पाहत राहिला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "येईन वापस."

त्याच वेळी त्याचा खिसा वाजायला लागला. मनिराम. नाव वाचून त्याने फोन कानाला लावला, पण तो पहिल्यांदाच थोडं कमी ओरडला. मनिराम सकाळपासून बांधावर होता आणि मोबाईल घरी चार्जिंगला. "काही नाई झालं गा दादा. अर्धं बोट उतरलं. तुमचं समुद्राचं काय?"

"गुडघाभर आहे," सुकराम म्हणाला. "अजून चढून राहिलं. ठेव, मंग बोलतो." आणि त्याने फोन ठेवला. किनाऱ्यावरून अंजू दोन्ही हात हलवून त्यांना मागे बोलावत होती आणि दोघं तिला मुद्दाम दिसत नसल्यासारखं करत होते.

दुपारच्या गाडीचं नाव कोणी काढलं नाही. संध्याकाळी समुद्र पुन्हा गेला, तेही सुकरामने पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच थोडा उशिरा आला, तेही. म्हाताऱ्या कोळ्याने त्याला पान खाऊ घातलं. खुंटा मात्र सापडला नाही.

परतीच्या गाडीत जमुनाबाईने चार टोमणे तयार करून ठेवले. घरी पोचल्या पोचल्या हा बांधाकडे पळेल, तेव्हा पहिला. मनिरामच्या मोजण्यात खोट काढील, तेव्हा दुसरा. तिसरा आणि चौथा वच्छलासाठी. गाडी गोंदियाला पहाटे लागली. घरी पोचेपर्यंत उजाडलं होतं. तिने चुलीवर चहा टाकला आणि सवयीने तो झाकून ठेवणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"दे."

सुकराम ओसरीवर बसला होता. पायांत चप्पल नव्हती.

"पाणी पाहून नाई आले?"

"मनिरामनं पाह्यलं असन." त्याने कप घेतला, फुंकर मारली आणि घोट घेतला. जीभ पोळली. बेचाळीस वर्षांत त्याला तिच्या हातचा चहा गरम प्यायची सवयच नव्हती. "चांगला करतेस व तू चहा."

जमुनाबाई दारातच उभी राहिली.

"अंजूले इचार," तो बशीत चहा ओतत म्हणाला, "पुरीले येथून कोणती गाडी जाते तं."

चारही टोमणे तयार होते. एकही आठवला नाही. तिने पदराने डोळे पुसले, धूर लागल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हळू प्या जी. पोळते."